धुराची पाळी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हर्षला गुजरने पडद्यावरच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि रोजच्यासारखा आपल्या माहेरच्या गावाकडे धूर पाठवला.

बाहेर नुकतं फटफटत होतं. हवामान-चौकीच्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं काळ्या रेघेसारखं दिसत होतं. तीनेक मिनिटांनी त्याच्या तोंडातून पिवळसर पट्टा निघाला. जरासा वर चढला आणि कुणी वरून तळहाताने दाबून धरावा तसा एका उंचीवर थांबून पश्चिमेकडे सरकू लागला. समोर मानाईचा डोंगर होता. पट्टा डोंगराच्या छातीपर्यंत गेला, डावीकडे वळला आणि दक्षिणेच्या कुशीत शिरला. तिथे देवघोळ होतं. एकतीस घरं, एकशे अठरा माणसं. त्यांतले एक हर्षलाचे वडील.

तिने वहीत वेळ लिहिली, खाली सही केली आणि डब्यातली पोळी काढली. गेली तीन वर्षं थंडीतली प्रत्येक सकाळ अशीच जात होती.

वारा डोंगरावरून जातो की डोंगराला वळसा घालून, हे वाऱ्याच्या मर्जीवर नसतं. थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. जमिनीलगतची हवा गारठते, जड होते आणि तळाशी बसते; तिच्यावर थोडी कमी गार, तिच्यावर आणखी कमी, असे थर रचले जातात. बादलीतल्या गार पाण्यावर हलक्या हाताने गरम पाणी सोडावं, तसे. हे थर सहजी मोडत नाहीत. खालच्या थराला वर ढकललं तर तो आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरतो आणि पुन्हा खाली येतो. अशी थरांची हवा डोंगराशी आली की चढायला तिला जोर लागतो, आणि तो जोर तिच्या स्वतःच्या वेगातूनच यायचा असतो. वारा मंद आणि थर घट्ट असले, तर ती जेमतेम शंभर मीटर चढू शकते. मानाईचा डोंगर तीनशे वीस मीटरचा. म्हणजे माथ्याखालच्या शंभर मीटरमधली हवा तेवढी डोंगर ओलांडते. दोनशे वीसच्या खालची सगळी हवा दुभंगते आणि डोंगराच्या दोन अंगांनी निघून जाते. चौकीत या उंचीला दुभंगरेषा म्हणत. धुराड्याचा पट्टा तरंगायचा एकशे तीस मीटरवर, म्हणजे रेषेच्या पुष्कळ खाली. त्याला डावीकडे जायचं होतं किंवा उजवीकडे. तिसरी वाट नव्हती.

डावीकडे देवघोळ. उजवीकडे पालशेंड, दोन हजार सहाशे चाळीस वस्तीचं, शाळा आणि प्रसूतिगृह असलेलं. हर्षलाचं सासर. तिचा नवरा गिरीश तिथल्या शाळेत गणित शिकवायचा आणि नऊ वर्षांची अन्वी त्याच शाळेत चौथीत होती.

कारखान्यात दिवसभर साठणारा गंधकाचा आणि क्लोरीनचा उरलेला वायू कधीतरी बाहेर सोडावाच लागे. त्याला निचरा म्हणत. दुपारी सोडला तर समुद्रावरचा वारा तो घाटाच्या भिंतीशी नेऊन तालुक्याच्या साठ हजार माणसांवर कोंडायचा. म्हणून निचरा सकाळी. पूर्वी तो कुठल्या अंगाने जाणार हे कुणालाच सांगता येत नसे. वारा दोन अंश इकडे असला तर देवघोळ, दोन अंश तिकडे असला तर पालशेंड. दोन्ही गावं कधीमधी खोकत आणि दोन्ही गावं वाऱ्याला शिव्या देत.

मग स्तरदर्शी नावाचं यंत्र आलं. डोंगराभोवती अकरा खांब उभे राहिले. त्यांतून निघणारे लेसरचे किरण दर अर्ध्या मिनिटाला हवेचा थर न् थर वाचत आणि यंत्र पुढच्या दोन तासांचा वारा अंशाच्या दशांशापर्यंत सांगे. निचऱ्याची वेळ तेच सुचवू लागलं. त्याचा नियम एका ओळीचा होता: माणसं गुणिले वायूची मात्रा, बेरीज कमीत कमी. या नियमात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. हर्षलालाही नाही. तिने वायुविज्ञानात पदवी घेतली होती आणि अचूकपणाबद्दल तिला आदर होता.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वार्षिक अहवालासाठी तिने सगळ्या सकाळचे नकाशे एकावर एक ठेवले. त्या हिवाळ्यात शहाण्णव सकाळी निचरा झाला होता. त्यांतल्या एक्क्याण्णव वेळा तो देवघोळवर गेला होता. एकाही दिवशी मात्रा मर्यादेबाहेर नव्हती. बेरीज दर दिवशी कमीत कमी होती. वारा जी गोष्ट आंधळेपणाने दोन गावांत वाटत होता, ती यंत्राने डोळसपणे एका गावाला दिली होती. तिने नकाशे बंद केले आणि अहवालात फक्त बेरीज लिहिली.

त्या रविवारी ती देवघोळला गेली. आप्पा अंगणात फणसाच्या सावलीत बसून टोपलीच्या काठाला वाखाची दोरी भरत होते. मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवून खोकायचे आणि पुन्हा वाख ओढायचे. शेजारची जनाकाकी कुंपणावरून म्हणाली, "तुझा बाप कोंबड्याच्या आधी आरवतो हल्ली. आमचा कोंबडा लाजून गप झालाय." सगळे हसले. आप्पाही हसले आणि त्यांना पुन्हा उबळ आली.

वारा बदललाय गं, असं ते तिला म्हणाले. आंब्याचा मोहोर दोन वर्षं जळतोय. हर्षलाने 'हो' म्हटलं. तिला वाटलं, यात खोटं तसं काही नाही.

पण आप्पा, म्हणजे रावजी पाष्टे, वाऱ्याला साठ वर्षं ओळखत होते. पुढच्या डिसेंबरात एके दिवशी ते डोंगराला वळसा घालून पायी चौकीवर आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, पडद्याकडे वळले.

"हर्षे, वारा एवढा शहाणा नसतो," ते म्हणाले. "रोज घड्याळ बघून येतोय. त्याला कोण सांगतं?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं. खांब, दुभंगरेषा, बेरीज, एक्क्याण्णव सकाळ. हिरवा चौकोनही दाखवला. आप्पा रागावतील, निदान तोंड फिरवतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की निचरा पालशेंडकडे वळवता येतो का. येतो, ती म्हणाली. पावणेआठनंतर ऊन डोंगराच्या पूर्व अंगावर पडतं आणि वारा तीन-चार अंश फिरतो. साधारण चाळीस मिनिटं पट्टा उजवीकडे जातो. मग थर मोडायला लागतात. निरीक्षकाला, म्हणजे तिला, कारण लिहून वेळ बदलायची मुभा होती.

"मग पाळी लावा," आप्पा म्हणाले.

मानाईच्या डोंगरावर एक झरा होता. त्याच्या पाटाचं पाणी चार दिवस पालशेंडला आणि चार दिवस देवघोळला जायचं. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ठरल्या दिवशी ठरला दगड एका तोंडातून उचलून दुसऱ्या तोंडात बसवायचा, की झालं. भांडणं खूप झाली होती, कोर्टापर्यंतही गेली होती, पण दगड कधी चुकला नव्हता.

दोन्ही गावची बैठक मानाईच्या खिंडीतल्या देवळासमोर भरली. पालशेंडकडून माजी सरपंच सुभाष खांबे आले, आणि त्यांच्यामागे चाळीसेक माणसं. त्यांत गिरीशही होता. हर्षला देवळाच्या पायरीवर बसली, दोन्ही गावांपासून सारख्या अंतरावर. खांबे समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, देवघोळचं दुःख कळतं, पण अडीच हजार माणसांवर धूर घेणं कुठल्या हिशेबात बसतं? जनाकाकीने पदर खोचला आणि पालशेंडच्या नाकांना सोन्याचे केस आहेत का असं विचारलं. त्यावर थोडा गलका झाला. मग आप्पा उठले.

"डोकी मोजून पाणी वाटलं असतं, तर आमच्या वाटेला तांब्याभर आलं असतं," ते म्हणाले. "तुमच्या आज्यांनी डोकी नाय मोजली. गाव मोजला. एक गाव, एक पाळी. तेव्हा तुम्ही जास्त होतात, तरी मोजली नाय."

शेवटी ठरलं ते असं: तीन दिवस देवघोळ, चौथा दिवस पालशेंड. ज्याची पाळी त्या गावाने सकाळी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, उंबऱ्याशी ओली फडकी ठेवायची, नऊपर्यंत पोरंबाळं बाहेर सोडायची नाहीत. ज्याची पाळी नाही, त्याने खुशाल बाहेर फिरावं. शाळा चौथ्या दिवशी दहाला भरेल. कचेरीत कुणी बोलायचं नाही. हर्षलाने कारण म्हणून 'वाऱ्याची अनिश्चितता' लिहायचं.

घरी जेवताना गिरीशने अन्वीला आत पाठवलं.

"तू बेरीज शिकलेली बाई आहेस," तो म्हणाला. "शाळेत चारशे पोरं आहेत. त्यांतली एक तुझी आहे."

"बेरजेत आप्पा एकच दिसतात, गिरीश. रोज."

"मग त्यांना इकडे आण. मी आजवर नाही म्हणालोय?"

तो नाही म्हणाला नव्हता, हे खरं होतं. आप्पाच येत नव्हते. आणि आले असते तरी तिथे एकशे सतरा उरले असते. हे तिने बोलून दाखवलं नाही. गिरीशने ताट उचललं, आणि त्या दिवसापासून चौथ्या सकाळी तो तिच्याशी बोलेनासा झाला. बाकीचे तीन दिवस बोलायचा.

पाळी चालली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कारखान्याचे व्यवस्थापक सौमित्र ओगले यांना बदललेल्या वेळा दिसल्या होत्या, पण मात्रा मर्यादेत होत्या आणि रकान्यात कारण होतं, तेव्हा त्यांनी सही केली. आप्पांचा खोकला उतरला. देवघोळच्या एका आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या धरल्या, तर जनाकाकीने त्यांचा फोटो हर्षलाला पाठवला. चौथ्या सकाळी अन्वी मात्र घसा खाकरत उठायची. एकदा तिने विचारलं, "आई, आज आपली पाळी ना?" हर्षला हो म्हणाली. मुलीच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. एखाद्या खेळात आपला डाव आल्यासारखं तिने उंबऱ्याशी फडकं नेऊन ठेवलं.

मार्चमध्ये शिमगा आला. पालखीच्या तीन दिवसांत कारखान्याने निचरा बंद ठेवला. दोन्ही गावांचा मान म्हणून. साठलेला वायू सोमवारी एकदम सोडायचा होता. सोमवार पालशेंडच्या पाळीचा होता. हर्षलाने खांब्यांना फोन करून सांगितलं, की मात्रा जास्त असेल, चाळीस मिनिटांतच सगळं सोडावं लागेल, तेव्हा अकरापर्यंत कुणी दार उघडू नये. खांब्यांनी रविवारी घरोघर माणूस फिरवला. शाळेला सुट्टी दिली. पट्टा वस्तीच्या वरून निघून जाईल आणि मात्रा मर्यादेला जेमतेम शिवेल, असं स्तरदर्शी सांगत होतं. तिने तीन वेळा तपासलं.

रविवारी संध्याकाळी आप्पांचा फोन आला. सोमवारी राब भाजायचं ठरलंय, ते म्हणाले.

पालशेंडने भातशेती कधीच सोडली होती. देवघोळने सोडली नव्हती. भाताच्या रोपांचा तरवा टाकायच्या जागी झाडाच्या फांद्या, पाला, शेण, गवत थरावर थर अंथरून वर माती पसरायची आणि पावसाच्या आधी ते पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळतं आणि जमिनीला राख मिळते. गावकीने एक दिवस धरायचा आणि सगळ्या घरांनी एकाच वेळी पेटवायचं, कारण प्रत्येक आगीजवळ माणसं लागतात. हर्षला बारा वर्षांची असल्यापासून हातात हिरवा डहाळा घेऊन राबाच्या कडेला उभी राहिली होती. एकतीस घरांचे राब, डोंगराच्या दक्षिण उतारावर.

"आमची पाळी नाय, म्हणून उद्याचा दिवस धरला," आप्पा म्हणाले. "सगळ्यांना मोकळं बाहेर राहता येईल. तू येतंस काय?"

तिला चौकी होती. तिने त्यांना पाण्याची पिंपं भरून ठेवायला सांगितलं. तोंडाला ओलं फडकं बांधायला सांगितलं. आगीवर वाकू नका, ते काम दुसऱ्यांना करू द्या, असंही सांगितलं. लेकीला सुचावं ते सगळं तिला सुचलं. मग तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा चौथ्यांदा तपासायला घेतली.

सोमवारी सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तिने निचऱ्याला मान्यता दिली. त्याच्या दहा मिनिटं आधी पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटून गेली होती: खांब आठ, तापमानाचं वाचन चुकीचं, वगळलं. खांब वर्षातून चार-पाचदा चुकायचे. यंत्र बाकीच्या दहांवरून भागवायचं.

पट्टा निघाला. नेहमीपेक्षा जाड, पिवळा, जवळजवळ केशरी. डोंगरापर्यंत पोचायला त्याला दहा मिनिटं लागायची. हर्षला खिडकीशी उभी होती. उजवीकडे वळायच्या जागी तो आला आणि थबकल्यासारखा झाला. मग त्याचं तोंड डावीकडे वाकलं.

तेव्हा तिला डोंगराच्या दक्षिण खांद्यामागून वर येणारा दुसरा धूर दिसला. निळसर, पातळ. एकतीस ठिकाणी पेटलेला उतार. खांब आठ चुकला नव्हता.

नंतरच्या चौकशीत तिने हे समजावून सांगितलं. तापलेल्या उतारावरची हवा हलकी होऊन चढू लागते आणि तिची जागा भरायला खालची हवा त्या अंगाने ओढली जाते. दुभंगणाऱ्या वाऱ्याला एवढासा ओढा पुरतो. दोन अंशांचा प्रश्न असतो. आणि चढणारी हवा भोवतालचे थर मोडते, तेव्हा वर तरंगणारा पट्टा सरळ जमिनीवर उतरतो. आधीची तीन वर्षं राब भाजले गेले नव्हते का, असं समितीने विचारलं. भाजले गेले होते. पण तेव्हा निचरा एरवीही देवघोळकडेच जायचा. चूक ज्या बाजूला ओढत होती, त्याच बाजूला धूर सोडलेला असायचा. म्हणून ती यंत्राला दिसली नाही.

त्या क्षणी यातलं काही तिच्या मनात नव्हतं. तिने झडप बंद करायचा हुकूम दिला. झडप पूर्ण मिटायला सहा मिनिटं लागत, आणि जे बाहेर पडलं होतं ते परत बोलावता येत नव्हतं. तिने आप्पांना फोन लावला. तो वाजत राहिला. राबावर जाताना आप्पा फोन ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून जात. जनाकाकीचा लागेना. तिने आणखी चार जणांना लावला. सगळं गाव बाहेर होतं, कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं की आज आपली पाळी नाही.

स्कूटरवरून डोंगराला वळसा घालायला चौदा मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर डोळ्यांची आग होऊन तिला रस्ता दिसेना, तेव्हा तिने गाडी टाकली आणि चेहऱ्याला ओढणी घट्ट गुंडाळून चालत गेली. राब शांतपणे जळत होते. पाण्याची पिंपं भरलेली होती. माणसं आगीच्या कडेला जिथल्या तिथे बसली होती, काही आडवी होती. जनाकाकी कुशीवर पडली होती आणि तिच्या हातातल्या डहाळ्याची पानं अजून हिरवी होती. आप्पा खालच्या ओढ्यापाशी सापडले, ओली पैरण तोंडाला लावून. आगीवर वाकू नका असं लेकीने बजावलं होतं, म्हणून ते पिंपं भरायच्या कामावर राहिले होते.

चार जण तिथेच गेले. तिघे पुढच्या नऊ दिवसांत तालुक्याच्या इस्पितळात. एकूण सात.

आप्पा वाचले, पण जिना चढण्याएवढा श्वास त्यांच्यात राहिला नाही. खाटेवर बसून ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत. वारा फिरला. अवचित फिरला. त्याला कोण काय करणार? देवघोळची माणसं मान हलवत. ओगलेही तिला तेच सुचवून गेले होते, वेगळ्या शब्दांत. 'अनपेक्षित स्थानिक वारा' एवढं लिहिलं की कारखाना, चौकी, दोन्ही गावं, सगळे मोकळे. कागद ते तयार करूनच आले होते, फक्त तिची सही हवी होती.

त्या दुपारी खोलीत ती आणि आप्पा दोघंच होते.

"वारा नव्हता, आप्पा," ती म्हणाली. "राबाचं तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. माझ्या एका कानात राब होते आणि दुसऱ्या कानात निचरा."

"मला काय कळत नाय होय?" त्यांना प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागत होतं. "पाळी मी मागितली. दिवस मी धरला. पण हर्षे, वाऱ्याशी वैर धरून कुणी जगत नाय. तुझ्याशी धरतील. जन्मभर."

ती त्यांचे पाय दाबत बसली. संध्याकाळी तिने ओगल्यांचा कागद फाडला आणि चौकशी समितीला बारा पानं लिहून दिली: बैठक, पाळी, खोटी कारणं, रविवारचा फोन. मग देवघोळला जाऊन देवळासमोर तेच तोंडी सांगितलं. जनाकाकीचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि उठून गेला. कुणी शिवी दिली नाही. एकेक जण उठला.

समितीने तिला कामावरून काढलं, आणि पाळी बेकायदा ठरवली. पालशेंडला ती मोडायची गरजच उरली नाही. तरी सुभाष खांबे तिच्या घरी येऊन गेला. हात जोडून रडला. हे पाप आमच्या वाट्याचं होतं, ते त्यांच्यावर गेलं, असं म्हणाला. पुन्हा पाळी घ्याल का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने डोळे पुसले आणि चपला घातल्या.

स्तरदर्शीची नवी आवृत्ती आली. आता त्याला आगी उपग्रहावरून दिसत, आणि कुठलाही खांब ते परस्पर वगळत नसे. आता ते कधीच चुकणार नव्हतं. निरीक्षकाची मुभा काढून टाकली होती. चौकोनावर बोट ठेवायलाही माणूस लागणार नव्हता. कार्यभार सोपवताना हर्षलाकडे एकच काम उरलं होतं, गावांची लोकसंख्या भरायचं. देवघोळच्या रकान्यात एकशे अठरा होते. तिथे एकशे अकरा लिहायचे होते. आकडा जितका लहान, तितकी तिकडची बेरीज कमी. पावणेआठची वेळ यंत्राला आता विचारातही घ्यावी लागणार नव्हती. देवघोळमध्ये माणसं मेली, म्हणून निचरा देवघोळवर सोडणं आणखी योग्य ठरलं होतं.

तिने एकशे बारा लिहिले.

ती देवघोळला राहायला निघाली, तेव्हा गिरीशने तिला अडवलं नाही. अन्वीला नेणार नाहीस, एवढंच तो म्हणाला. नेणार नाही, असं तिने आधीच ठरवलं होतं. मुलगी दर रविवारी दुपारच्या गाडीने यायची, हवा मोकळी असताना, आणि सूर्य मावळायच्या आत परत जायची.

आता हिवाळा सुरू झाला आहे. हर्षला साडेपाचला उठते, आप्पांच्या खोलीची खिडकी लावते, उंबऱ्याशी फडकं दाबते आणि बाहेर पडते. निचऱ्याची वेळ आता रोज दोन-चार मिनिटांनी बदलते. थर बघून ती अंदाज बांधते आणि तो बहुधा चुकत नाही. वाडीच्या वरच्या टोकापासून ती प्रत्येक दारावर एकदा थाप मारत खाली येते. तिच्याशी कुणी बोलत नाही. ती पुढे गेली की मागे दारं एकामागून एक लागत जातात. धुरासाठी लागतात की तिच्यासाठी, हे तिने कुणाला विचारलेलं नाही.